बोट कुणाचं, साखर कुणाची

मी रक्तातली साखर मोजणारं मशीन बोलतोय. दचकू नका आणि हात पाठीमागे नेऊ नका. आज मी कुणाचं बोट मागायला आलेलो नाही, नुसतं मन मोकळं करायला आलोय. माणसं माझ्यासमोर फार खोटं बोलतात हो. "काल काहीच गोड खाल्लं नाही," म्हणतात, आणि मिशीला साखर चिकटलेली असते. तोंड खोटं बोललं तरी बोट खरंच बोलतं, असं मी मोठ्या रुबाबात समजून चाललो होतो. मग मी एका घरात गेलो आणि तिथं मला कळलं, की बोटसुद्धा खोटं बोलू शकतं. फक्त ते दुसऱ्याचं असायला हवं.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरचा. पुढे भावंडं, मागे भावंडं, सगळी एका साच्यातली. जन्मल्याबरोबर मला ठरावीक गोडीचं पाणी चाखायला दिलं आणि विचारलं, किती गोड? मी बरोबर सांगितलं. माझ्या पुढच्यानं चूक सांगितलं, तर त्याला उचलून कोपऱ्यातल्या टोपलीत टाकलं. त्या दिवसापासून मी आकड्याच्या बाबतीत कुणाचीही भीड ठेवत नाही.

काम सोपं आहे. पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, पाच-सहा सेकंद गप्प बसायचं आणि आकडा दाखवायचा. त्या पाच-सहा सेकंदांत माणसांचे चेहरे बघण्यासारखे असतात. शाळेच्या निकालाला कधी घाबरली नसतील तेवढी घाबरतात. मनातली खंत एकच. थेंबात साखरेबरोबर आणखी कितीतरी मंडळी असतात, पण मला दिसते फक्त साखर. भरलेल्या वर्गात एकाच मुलाची हजेरी घेऊन बाहेर पडणाऱ्या मास्तरासारखी माझी गत आहे.

औषधांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटातून मला एका तरुण बाईनं उचललं.

"कुणासाठी?" दुकानदारानं विचारलं.

"बाबांसाठी."

"ऐकतात का?"

तिनं नुसता सुस्कारा सोडला. दुकानदारानं मला पिशवीत घालताना माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं असं मला वाटलं.

ज्यांच्यासाठी मी आलो त्यांना सगळा रस्ता 'फोटोवाले काका' म्हणून ओळखायचा. घराच्या तळमजल्यावर त्यांचा स्टुडिओ होता. आता बंद असला तरी पाटी तशीच होती. काकांचा हातखंडा फोटो काढण्यात नव्हता, काढलेला फोटो सुधारण्यात होता. नवरीच्या गालावरची पुटकुळी घालव, टकलावर चार केस उगव, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या भावांना खांद्याला खांदा लावून उभं कर. ते म्हणायचे, "खरं काय ते लोकांना आरशात फुकट दिसतंच की. माझ्याकडे येतात ते त्याहून बरं दिसायला." अशा माणसाच्या हाती मी पडलो होतो. आणि मी म्हणजे जसं आहे तसं दाखवणारा, पुटकुळीसकट.

काकांच्या पत्नी शाळेत कवायत आणि खेळ शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना 'बाई'च म्हणत. पाठ ताठ, चाल झपाझप, आवाज मैदानाच्या त्या टोकाला पोचेल असा. शाळेची शिट्टी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असायची. जेवण तयार झालं की बाई हाक मारत नसत, शिट्टी मारत. त्यांचा एकच अभिमान होता, आणि तो त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, "आयुष्यात एक गोळी घेतली नाही मी. साधी डोकेदुखीचीसुद्धा."

मला टेबलावर ठेवल्या ठेवल्या बाईंनी निरखून पाहिलं आणि माझं बारसं उरकलं. "हा आता या घरातला पंच. याचा निर्णय शेवटचा."

पहिल्या सकाळी काका खुर्चीत बसले. मी त्यांच्या मांडीवर, पट्टी लावलेली, तोंड उघडून तयार. काकांनी टोचायचं पेन बोटाला लावलं आणि काढलं. पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

"अगं, मला नाही जमत."

"सुई केवढी, तुम्ही केवढे! लाज वाटते का काही?"

"लाज वाटते, पण भीती जास्त वाटते."

"आणा इकडे!" बाईंनी पेन हिसकावलं, आपल्याच बोटाला लावून टचकन दाबलं आणि लालचुटूक थेंब काकांच्या नाकासमोर धरला. "हे बघा! मेले का मी? मुंगी चावल्यासारखंसुद्धा होत नाही."

मी शपथेवर सांगतो, त्या क्षणापर्यंत काकांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. ते खरंच घाबरले होते. पण त्या थेंबाकडे बघता बघता त्यांचे डोळे लुकलुकले. स्टुडिओत एखादा डाग कसा घालवायचा ते सुचल्यावर लुकलुकायचे, तसेच. त्यांनी अलगद बाईंचा हात हातात घेतला.

"बघू, दुखलं का गं?"

आणि तो हात हळूच खाली आणून थेंब माझ्या पट्टीला टेकवला. तेवढ्यात गॅसवर दूध वर आलं. बाई आत धावल्या. काकांनी स्वतःच्या बोटाला कापूस गुंडाळला आणि ओरडले, "झालं गं! तुझं बघून धीर आला!"

मी काय दाखवणार? बाईंच्या रक्तात होती तेवढी साखर दाखवली. अठ्ठ्याण्णव.

"वा!" काकांनी ओरडून सांगितलेला आकडा ऐकून बाई आतून म्हणाल्या. "बघा, पहाटे फिरायला नेते त्याचा गुण."

मग हा रोजचाच शिरस्ता झाला. काका रोज घाबरायचे, बाई रोज धीर द्यायला नवी सुई लावून आपलं बोट टोचायच्या, काका हात हातात घेऊन "दुखलं का" विचारायचे आणि थेंब माझ्या पदरात पडायचा. बाई चहा बघायला आत वळल्या, की काका स्वतःच्या बोटाला कापूस गुंडाळून "झालं गं" ओरडायचे. बाईंचं लक्ष त्या वेळी माझ्याकडे नसायचंच, ते काकांच्या तोंडाकडे असायचं. थोड्या दिवसांनी माझ्या एक गंमत लक्षात आली. बाई सकाळी टेबलापाशी यायच्या आधी हाताला क्रीम लावायला लागल्या होत्या. ज्या बाईनं उभ्या जन्मात मुलांच्या रांगा सरळ करण्यापलीकडे हाताचा विचार केला नाही, ती नखं नीट कापायला लागली. काका मात्र फक्त थेंबाकडे बघत होते. मला बोलता येत असतं तर तेव्हाच दोघांनाही चार गोष्टी सुनावल्या असत्या.

आकडे उत्तम, त्यामुळे काकांची चैन झाली. बाईंनी खूश होऊन रविवारी केकचा एक तुकडा मंजूर केला. बाकीचे तुकडे काका कोपऱ्यावरच्या बेकरीत उभ्या उभ्या स्वतःच मंजूर करून घेत.

त्यांची लेक, मला दुकानातून उचलणारी तीच, एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत संशोधन करायची. दर शनिवारी जेवायला यायची आणि जेवता जेवता आपल्या कामाबद्दल बोलायची. एका शनिवारी म्हणाली, "बाबा, मला तुमचं रक्त हवंय."

"तुझ्या आईनं सगळं पिऊन टाकलंय. काही उरलं असेल तर घे."

"थट्टा नको. आम्ही पॉलीअमाइनवर काम करतोय. म्हणजे बघा, शरीरातल्या प्रत्येक पेशीत काही बारीक रेणू बनतात. पेशीला वाढायला, नवी व्हायला ते लागतात. थोडे खाण्यातूनही मिळतात. ते रक्तातही फिरत असतात. ज्यांची साखर वाढलेली असते त्यांच्या रक्तात हे रेणूही वेगळ्या प्रमाणात असतात का, असतील तर साखर चढते तसे तेही चढतात का, हे आम्ही बघतोय."

मी टेबलाच्या कडेला बसून कान टवकारले. थेंबातली ती मला न दिसणारी मंडळी! त्यांची नावं तरी कळतील.

"नावं काय यांची?" काकांनीच विचारलं.

"एक पुट्रेसीन. म्हणजे कुजण्यावरून पडलेलं नाव."

"शी!" बाई म्हणाल्या. "जेवताना?"

"एक स्पर्मिडीन, एक स्पर्मीन."

"हे कशावरून?"

"जिथं पहिल्यांदा सापडलं त्यावरून."

"कुठं सापडलं?"

लेक ताटात बघायला लागली. बाईंनी वर्षानुवर्षं मोठ्या वर्गांना आरोग्याचा तास घेतला होता, त्यांना लगेच उमगलं. त्यांनी काकांच्या ताटात भाजीचा मोठा डाव वाढला. "भाजी खा. प्रश्न कमी विचारा."

काकांना जरा उशिरा कळलं. मग मात्र ते इतके हसले, की ठसका लागून पाणी प्यावं लागलं.

ठरलं असं की साखर असलेल्या गटात काका येतील आणि साखर नसलेल्या, ठणठणीत गटात बाई. काही महिने काकांनी रोज घरी माझ्यावर साखर मोजायची, मग दोघांनी प्रयोगशाळेत जाऊन दंडातून रक्त द्यायचं. त्यात साखरही मोजणार आणि पॉलीअमाइनही.

"मला काय धाड भरलीय," बाई म्हणाल्या. "घे हवं तेवढं."

आणि इथून माझी झोप उडाली. म्हणजे झोप मला असती तर उडाली असती. कारण आकडा चढायला लागला.

आधी थोडासा. शंभराच्या जरा वर. काकांनी भुवया उंचावल्या. मग आणखी थोडा. एका सकाळी मी एकशे अठ्ठावीस दाखवले, आणि बाईंनी कंबरेवर हात ठेवले.

"काय खाल्लंत?"

"काही नाही गं."

"पंच खोटं बोलतो?"

बिचारे काका! बेकरीचं पाप होतंच, पण या आकड्यात ते नव्हतं. हा आकडा त्यांचा नव्हताच. पण ते सांगणार कुणाला आणि कसं? बाईंनी कडक धोरण सुरू केलं. रविवारचा केक बंद. बिस्किटांचा डबा कुलपात. बेकरीवाल्याला तंबी, "यांना काही दिलंत तर गाठ माझ्याशी आहे." आणि बेकरीवाला बाईंचाच विद्यार्थी. तो काकांना लांबून बघूनच दुकानाची फळी ओढून घ्यायला लागला. भात वजनकाट्यावर मोजून, चालणं दुप्पट. काकांची अगदी दैना झाली. आणि घरात आलेलं गोडधोड वाया जाऊ नये म्हणून ते बाई स्वतः संपवत होत्या. "मला चालतं," म्हणायच्या.

आकडा चढतच राहिला.

दरम्यान बाईंना तहान फार लागायला लागली होती. उशाशी तांब्या असायचा, तिथं आता मोठी बाटली आली. ब्लाऊज सैल झाले. शेजारीण म्हणाली, "काय बारीक झालात!" तर बाई कोण खूश! "व्यायाम," म्हणाल्या. "तुम्हीही करा."

एका दुपारी बाई बाजारात गेल्या असताना काकांनी मला खिशात घातलं आणि खाली स्टुडिओत नेलं. जुन्या डार्करूममध्ये शिरले, दार लावून घेतलं. लाल दिवा लावला. तिथं सगळंच लाल दिसत होतं, त्यामुळे असेल, त्यांना टोचायचा धीर आला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा काकांचं स्वतःचं रक्त माझ्या पट्टीवर पडलं.

एकशे बत्तीस. उपाशीपोटीही नाही, जेवून दोन तास झाल्यावर.

काकांचा चेहरा आधी फुलला. इतका कमी! त्या भाताचा, चालण्याचा, बंद फळीचा परिणाम. त्यांनी खुशीत माझ्या पाठीवर चक्क थाप मारली. मग हात तसाच थांबला. त्यांना सकाळचा आकडा आठवला असणार. त्या सकाळी बाईंच्या उपाशीपोटीच्या थेंबावर मी एकशे चौपन्न दाखवले होते.

ते लाल उजेडात स्टुलावर टेकले. मग हळूच म्हणाले, "अरे देवा. ही तर हिची आहे."

त्या संध्याकाळपासून काकांची धडपड सुरू झाली. त्यांना बाईंना सांगायचं होतं, पण स्वतःचं बिंग न फोडता.

"तूही एकदा साखर बघ की," ते सहज बोलल्यासारखं म्हणाले.

"मी? कशाला?"

"आपलं... पट्ट्या पडून आहेत."

"पट्ट्या पडून आहेत म्हणून रक्त काढू? आगपेटी पडून आहे म्हणून घर पेटवाल तुम्ही."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुला तहान फार लागते हल्ली." तर उत्तर आलं, "उन्हाळा आहे." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गोड जरा कमी खा." त्यावर बाईंनी असं काही पाहिलं, की काका स्वतःच उठून अंगणात झाडांना पाणी घालायला गेले. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, आपल्याला तोंड उघडायची गरजच काय? लेकीच्या प्रयोगशाळेत रक्त द्यायचा दिवस आठवड्यावर आला होता. तिथली मोठी मशिनं खरं काय ते सांगतीलच. माझ्या थोरल्या भावांवर त्यांनी सगळी जबाबदारी टाकली आणि ते मोकळे झाले.

तिथं मलाही नेलं होतं, पिशवीतून. बाईंनी दंड असा पुढे केला जणू पदक घ्यायचंय. काकांनी डोळे मिटले, पण हात दिला. रक्त काढून झाल्यावर मात्र त्यांच्यानं राहवेना. नळ्या ठेवल्या होत्या त्या स्टँडपाशी गेले आणि एकेक नळी उचलून उजेडात धरून चिठ्ठी वाचायला लागले. बाईंची नळी बाईंच्याच नावावर आहे ना, याची त्यांना खात्री करायची होती. रक्त काढणारा माणूस म्हणाला, "काका, ठेवा ते." काकांनी ठेवल्या. झालं एवढंच.

पुढच्या शनिवारी लेक आली ती पायातल्या चपला दाराशी भिरकावूनच.

"बाबा, नळ्या बदललात ना?"

"मी?"

"तुम्ही नळ्या हातात घेऊन बघत होतात, आमच्या माणसानं सांगितलं मला. खरं सांगा. माझ्या अख्ख्या आलेखात शेकडो ठिपके आहेत, बाबा. साखर वाढलेल्यांचे बहुतेक ठिपके एका बाजूला, ठणठणीत माणसांचे दुसऱ्या बाजूला. दोनच ठिपके बेशिस्त आहेत, आणि दोन्ही माझ्याच घरातले! आईच्या नळीत पुट्रेसीन वाढलेलं, साखर तर भलतीच. आणि तुमच्या नळीतली साखर आईच्या निम्म्याहून थोडी जास्त. घरी तुम्ही रोज मोजलीत ती वेगळीच! म्हणजे नळ्या बदलल्या, किंवा हे मशीन बिघडलं. किंवा दोन्ही."

बाई उठून उभ्या राहिल्या. "अहो! लेकीच्या कामातसुद्धा? तिच्या नोकरीशी खेळता? फोटो आहे का तो, हवा तसा रंगवायला?"

"मी नळ्या बदलल्या नाहीत," काका म्हणाले. आणि गंमत बघा, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ते निर्मळ खरं बोलत होते आणि कुणाचाही विश्वास बसत नव्हता. बसणार कसा? माझ्यासुद्धा अंगावर काटा आला.

लेक थकून खुर्चीत बसली. "जाऊ दे. मी दोघांचेही ठिपके काढून टाकते. नळ्यांची अदलाबदल झाली असं लिहिते. विषय संपला." मग तिनं मला उचललं. "आणि हे टाकून देते. चुकीचे आकडे दाखवणारं मशीन घरात नको."

मला कारखान्यातली ती टोपली आठवली. मी काकांकडे पाहिलं. त्यांच्यापुढे सुटकेचा रस्ता अगदी झाडून-पुसून तयार होता. नळ्यांचा गोंधळ, मशीनचा बिघाड. गप्प बसायचं, एवढंच काम. लेक रागावली तर दोन दिवस रागावली असती. आणि बाई 'ठणठणीत'च राहिल्या असत्या, उशाशी पाण्याची बाटली घेऊन.

"ते मशीन खाली ठेव," काका म्हणाले.

आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. लेकीनं मला खाली ठेवलं.

"मशीन बरोबर आहे. नळ्याही बरोबर आहेत. चूक बोटाची आहे." आणि मग ते बोलत सुटले. पहिल्या सकाळची सुई, बाईंचा थेंब, उतू चाललेलं दूध, कापूस. बोलताना ते कुणाकडेही बघत नव्हते, टेबलाच्या कडेला नखानं ओरखडत होते. "रोज हिचंच रक्त होतं. माझं एकदाच, खाली डार्करूममध्ये. हिची साखर वाढलीय गं. मला कळून दहा-बारा दिवस झाले आणि मी भेकड तोंड शिवून बसलो. तू मला हवं ते बोल, पण आईचा ठिपका काढू नकोस. तो ठिपका खरा आहे."

लेकीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला वाटलं, आता बाईंचा आवाज मैदानाच्या त्या टोकाला पोचणार. मी कान मिटून घ्यायच्या तयारीत होतो.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे रोज सकाळी हात धरायचात, तो पट्टीसाठी?"

साखरेबद्दल एक शब्द नाही. काकांनी मान वर केली. त्यांनी त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा तो हात पाहिला असावा, क्रीम लावलेला, नीट कापलेल्या नखांचा.

बाईंनी मला ओढून घेतलं, पट्टी लावली, बोट टोचलं आणि थेंब स्वतः टेकवला. मी आकडा दाखवला. त्यांनी तो वाचला, मला पुसलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"पॉलीअमाइनवरून एका माणसाचं काही ठरवता येत नाही," लेक हळूच म्हणाली. "पण एवढी साखर... उद्याच डॉक्टरांकडे नेते तिला." मग तिनं बापाकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही ग्रेट आहात. आणि मी हे कौतुकानं म्हणत नाहीये."

त्यानंतर बाईंनी काकांशी बोलणं टाकलं. घरात फक्त शिट्टी वाजायची. एक शिट्टी चहाला, दोन फिरायला, आणि एक लांबलचक शिट्टी म्हणजे बोट पुढे करा. काका निमूट बोट पुढे करायचे. घाबरायची सोय राहिली नव्हती. बाई त्यांना टोचायच्या आणि मला वाटतं, गरजेपेक्षा जरा जोरातच टोचायच्या.

डॉक्टरांनी बाईंना गोळ्या दिल्या. पण आठवडा झाला तरी बाईंचा आकडा जागचा हलेना. लेक फोनवर विचारायची, "गोळी घेतेस ना?" बाई म्हणायच्या, "हो." काकांना या बाबतीतला अनुभव दांडगा. ते कुंडीजवळ गेले, मातीत बोट घातलं आणि सहा-सात पांढऱ्या गोळ्या बाहेर काढल्या.

त्यांनी त्या टेबलावर ठेवल्या. बाईंनी गोळ्या पाहिल्या आणि त्यांचे कान लाल झाले.

"गिळता येत नाही मला," त्या पुटपुटल्या. कितीतरी दिवसांनी काकांशी बोललेला तो पहिला शब्द होता.

"काय?"

"गोळी. गिळता येत नाही. लहानपणापासून. घशात अडकते, उलटी होते. म्हणून कधी घेतली नाही. झालं समाधान?"

काका आ वासून बघत राहिले. आयुष्यभराची ती मिरवलेली तंदुरुस्ती, तो ताठ कणा, शेकडो मुलांना लावलेली शिस्त, आणि मुळाशी काय, तर हे! त्यांच्या पोटातून हसू वर यायला लागलं. ते दाबायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं.

"हसा! हसा!" बाई ओरडल्या. आणि मग स्वतःच फिसकन हसल्या. दोघंही हसत सुटले, एकमेकांकडे बघत, टेबलाला धरून.

हसू ओसरल्यावर काका म्हणाले, "दुखावलं मी तुला. चुकलो."

"चुकलातच," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांना विचारा, गोळी कुटून चालेल का. मला विचारायला लाज वाटते."

ते विचारून आले. डॉक्टरांनी गोळी कुटू नका म्हणून सांगितलं आणि पातळ औषध लिहून दिलं. बाई ते तोंड वाकडं करून पितात. हळूहळू त्यांचा आकडा उतरला. काकांचाही बरा आहे, बेकरीवाला अजून फळी ओढतो म्हणून.

लेकीनं दोन्ही ठिपके आपापल्या जागी ठेवले. घरच्या आकड्यांवर मात्र तिनं काट मारली. काम पुरं झाल्यावर एका शनिवारी सांगायला आली. "आमच्या नमुन्यांत तरी साखर आणि पुट्रेसीन बरोबरच चढताना दिसतात. पण कोण कुणाला चढवतं, की तिसरंच कुणी दोघांना चढवतं, ते कळायला अजून खूप काम आहे."

"आमच्या संसारासारखंच," काका म्हणाले. बाईंनी त्यांच्या ताटात भाजीचा डाव वाढला.

आता माझं ऐका. माझ्या जातीच्या पट्ट्या बनवणं कारखान्यानं बंद केलं. नवी मशिनं आली, नव्या पट्ट्या आल्या, त्या माझ्या तोंडात बसत नाहीत. काल डबीत शेवटची पट्टी उरली होती. काका म्हणाले तू घे, बाई म्हणाल्या तुम्ही घ्या. लेक शेजारी बसून तिसरा चहा पीत होती, भरपूर साखर घातलेला. दोघांचं भांडण एकदम थांबलं. दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"काय?" ती म्हणाली.

"तू कधी बघितलीस स्वतःची?" बाईंनी विचारलं.

"मी? मला कुठं वेळ... आणि आत्ता चहा प्यायलेय, आत्ताचा आकडा काही खरा नाही... सोमवारी मीटिंग आहे..."

"आई-बाप दोघं साखरवाले. रोज शंभर माणसांचं रक्त बघतेस. बोट पुढे कर."

"आई, अगं—"

बाई उठल्या, दारामागची शिट्टी काढली आणि घर दणाणून सोडलं. डॉक्टरेट मिळवलेल्या त्या लेकीनं मुकाट्यानं बोट पुढे केलं, आणि डोळे गच्च मिटले, अगदी बापासारखे. मी माझी ती पाच-सहा सेकंदं घेतली. खरं सांगतो, शेवटची होती म्हणून जरा मजा घेतली. तिघांचे श्वास अडकले होते.

एकशे अठरा. चहा पोटात असताना. तिघांनी एकदमच सुटकेचा श्वास सोडला. "चहातली साखर निम्मी कर," बाई म्हणाल्या, "आणि महिन्याभरानं उपाशीपोटी ये."

अशी माझी कारकीर्द संपली. उद्या सकाळी काका माझी बॅटरी काढणार आहेत. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याची गेली आहे आणि त्याला माझीच बसते, असं त्यांच्या ध्यानात आलंय. मला वाईट वाटत नाही. माणसं मेल्यावर डोळे देतात, मी माझी ताकद देतोय. रिकामं खोकं मात्र जुन्या चष्म्यांच्या खणात टाकू नका, एवढीच विनंती. तिथं फार कंटाळा येतो म्हणे. खिडकीत ठेवा, म्हणजे सकाळी टेबलाभोवतीचा गोंधळ तरी दिसेल.

आणि काका, उद्यापासून भात मोजताना ताटलीला खालून बोटाचा टेकू देऊन वजन कमी दाखवायचा तुमचा विचार चाललाय, तो मला दिसतोय. खुशाल द्या. तिथंही मीच असेन.